ऊन किती पाणी पितं

मनोहरराव, परवा तुमची तेरवी झाली आणि आज रविवार, म्हणून सवयीनं मी सकाळी स्कूटर काढली आणि तुमच्या शेतकी कॉलेजच्या शेताकडे निघालो. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की तिथे आता माझी वाट बघणारं कुणी नाही. तरी परतलो नाही. पेट्रोल जाळलंच आहे तर तुमच्या त्या बाष्पीभवन मोजायच्या पॅनला भेटून येऊ, असं स्वतःला समजावलं. तुमच्या जागी सध्या जे गृहस्थ आले आहेत ते नीटनेटके वाटले. बरोबर साडेआठला आले, जाळी उचलली, मापातून पाणी सोडत सोडत ते आतल्या खुणेच्या सुईच्या टोकाशी आणलं, किती ओतलं ते लिहिलं, जाळी ठेवली आणि चालू लागले. मला तिथेच उभा पाहून त्यांनी विचारलं, "काही काम होतं का?" मी म्हटलं, "नाही, सहज." आकडा लिहून झाल्यावरच तुमचं खरं काम सुरू व्हायचं, हे त्यांना कसं सांगणार?

पहिल्यांदा ते भांडं पाहिलं तेव्हा मी विचारलं होतं, "ही परात कोणत्या पंगतीतून उचलली?" पत्र्याचं, गोल, वीतभराहून थोडं खोल, लाकडी चौकटीवर ठेवलेलं, आणि कावळ्यांनी पिऊ नये म्हणून वरून जाळी. रोज सकाळी त्यात जेवढं पाणी घालावं लागतं तेवढं आदल्या दिवशी ऊन-वाऱ्यानं नेलं. बस, एवढंच. एवढ्याशावर माणूस आयुष्य काढतो का, असं तेव्हा वाटलं होतं. मी पडलो पाटबंधारे खात्यातला. आम्हाला पाणी अडवायला शिकवलं होतं. भिंत किती उंच, सांडवा किती रुंद, ते आम्ही रात्रंदिवस घोकलं. तलावातून वर आभाळाकडे किती जातं, याचा एक ठरीव आकडा आमच्या तक्त्यात असायचा. तो घालायचा आणि पुढे जायचं. तुम्ही म्हणालात, "साहेब, तुम्ही खालून बंद करता, बाजूनं बंद करता. वरून तर उघडंच राहते न. मी तिकडं पाहून राहिलो."

तसा तुमचा हा रोग मला तुमच्या लग्नातच कळायला हवा होता. माझी शांता आणि तुमची कुसुम सख्ख्या बहिणी, पारशिवनीहून आत कच्च्या रस्त्यानं जावं लागतं त्या मोहखेडीच्या. मी थोरला जावई, तोवर चांगला मुरलेला. मांडवाच्या कडेला ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण मांडले होते आणि नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारून रांजणाच्या पोटाला हात लावून बघत होते. मी जवळ आलो तर हळूच म्हणालात, "भाऊ, यातलं पाणी वऱ्हाडी किती पितात आणि रांजण स्वतः किती पिते, कोणी पाहिलं काय?" मी शांताला जाऊन सांगितलं, तुझ्या बहिणीचं काही खरं नाही. ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा तर बरा हाय. तुम्ही आपल्या लग्नात ओट्याचं सिमेंट खरवडून पाहून राहिले होते."

साडूंचं पटत नाही म्हणतात. सासरच्या मानपानावरून, कोणाला आधी वाढलं यावरून धुसफूस चालते. आपलं कधी त्यावरून वाजलं नाही, कारण आपल्याला भांडायला त्याहून मोठा विषय सापडला होता. दर रविवारी पॅनपाशी भेटायचं, मग तुमच्याकडे पोहे, आणि पोह्यांवर लिंबू पिळता पिळता भांडण. कुसुम म्हणायची, दोघे हवेवर भांडून राहिले. खरंच होतं ते. पीक जेवढं पाणी पितं त्यातलं जवळजवळ सगळं पानांवाटे हवेत सोडून देतं, हे मी तुमच्याकडून शिकलो. शेत आणि पानं मिळून जे जातं त्याला पुस्तकात 'बाष्पपर्णोत्सर्जन' असा शब्द होता. तुम्ही तो पोरांना वर्गात एकदाच म्हणायला लावायचात, दात शाबूत आहेत का ते बघायला, आणि पुढे वर्षभर नुसतं 'हवेची तहान' म्हणायचात.

आणि मग तो उन्हाळा आला, ज्यात तुम्ही कॉलेजची सगळी जुनी रजिस्टरं खाली उतरवलीत. महिन्यामहिन्याची बेरीज करून आलेखाच्या कागदावर ठिपके मांडलेत. मला बोलावलंत. मी बघितलं आणि म्हटलं, कागद उलटा लावला आहे. तुम्ही इतके खूश होतात की आनंद लपवता येत नव्हता. वर्षागणिक तुमचा पॅन कमी पाणी पीत चालला होता. उडी मारून नाही, हळूहळू, मधेच एखादं वर्ष वर जायचं, पण एकूण उतार. इकडे आख्खं नागपूर म्हणत होतं की ऊन वाढलं. वाळ्याच्या ताट्या मारणारे हळूहळू दिसेनासे झाले होते आणि सीताबर्डीवर कूलरची दुकानं लागली होती. पत्र्याच्या पेट्या रिक्षांवर लादून लोक घरी नेत होते. मी म्हटलं, "एवढं ऊन तापून राहिलं आणि तुमचं भांडं कमी पितं? भांड्याला ताप आला असेल." तुम्ही म्हणालात, "तेच तर. काहून?"

ते 'काहून' तुम्हाला कित्येक वर्षं पुरलं. मी एकेक कारण काढायचो आणि तुम्ही ते निकालात काढायचात. सुई झिजली असेल, मी म्हटलं. तुम्ही नवी सुई जुनीच्या शेजारी धरून दाखवलीत. तळाशी गाळ, शेवाळ असेल. तुम्ही हसलात, पॅन तुमच्या चहाच्या कपापेक्षा स्वच्छ होता. चौकट कुजून पॅन एका बाजूला कलला असेल, मी म्हटलं, आणि तुम्ही खाली वाकून बघितलंत तर चौकट खरंच कुजली होती. आपण दोघं लकडगंजात जाऊन सागाच्या पट्ट्या कापून आणल्या. तुम्ही त्या सुताराला एवढे प्रश्न विचारलेत की त्यानं शेवटी विचारलं, देवघर करायचं आहे का. नव्या चौकटीवर पॅन सरळ बसला आणि तरी उतार तसाच राहिला. मी चिडलो होतो. तुम्ही मात्र घरी येताना शीळ घालत होतात. एक कारण गळालं की तुम्हाला हलकं वाटायचं. मला तुमचा हा स्वभाव कधी समजला नाही आणि आता मला त्याचीच आठवण सगळ्यात जास्त येते.

मग माझ्या टेबलावर तो तलाव आला. पारशिवनीकडच्या टेकड्यांच्या पायथ्याशी एक मध्यम धरण, त्यातून कालवा, आणि कालव्याच्या अगदी शेपटाला मोहखेडी. आपली सासुरवाडी. कोणती गावं कालव्याच्या ओलिताखाली घ्यायची आणि कोणती वगळायची, तो हिशोब माझ्याकडे होता. तलाव पसरट, उथळ. म्हणजे उन्हाला चरायला मोठं रान. तलावातून हवेत किती जाईल आणि शेतातल्या पिकाला किती लागेल, दोन्ही गोष्टी एकाच आकड्यावर लटकलेल्या, आणि तो आकडा तुमच्या पॅनचा. अलीकडच्या वर्षांचा कमी आकडा धरला तर मोहखेडीपर्यंत पाणी पोचत होतं. जुना, मोठा आकडा धरला तर कालवा दोन गावं अलीकडेच आटत होता. मी पोह्यांची प्लेट खाली ठेवून म्हटलं, "मनोहरराव, तुमच्या उताराला पहिल्यांदाच काहीतरी अर्थ आला. अलीकडचा आकडा द्या लिहून." आतून कुसुमचे हात थांबल्याचं मला कळलं. भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

तुम्ही म्हणालात, "देतो. पण पहिले पाहू द्या, मोहखेडीची हवा किती पिते."

त्यातून घंगाळाची गोष्ट घडली. ती आठवली की तेरवीच्या दिवशी पंगतीतसुद्धा मला हसू आलं आणि लोकांनी माझ्याकडे बघितलं. सासूबाईंचं तांब्याचं मोठं घंगाळ, लग्नात मिळालेलं. ते तुम्ही मागून घेतलंत, आत खूण केलीत आणि गावाबाहेर रस्त्याकडेच्या बांधावर ठेवलंत. मेहुणा नामदेव रोज सकाळी खुणेपर्यंत पाणी भरणार आणि किती भरलं ते सांगणार, असं ठरलं. वैशाख महिना. नामदेवचा निरोप आला की पाणी कमीच होत नाही, एक-दोन दिवस तर खुणेच्या वर होतं. तुम्ही धावत माझ्या ऑफिसात आलात. वैशाखाच्या उन्हात पाणी वाढतंय. तुमच्या डोळ्यांत अशी चमक मी पोरांच्या बारशालाही पाहिली नव्हती. दव असेल का, टेकडीकडून ओलावा येत असेल का, तांब्याचा काही गुण असेल का. स्कूटरवर मागे बसून मोहखेडीपर्यंत तुम्ही माझ्या कानात बोलत होतात.

गेलो तर सासूबाई कमरेवर घागर घेऊन बांधावर उभ्या. तुम्ही विचारलं, "आई, तुम्ही पाणी टाकून राहिल्या काय यात?"

"मंग?" त्या म्हणाल्या. "अर्धं झालं होतं बापा. चिमण्या वाकून वाकून पिऊन राहिल्या. वैशाखात पान्याचं भांडं अर्धं ठेवत नाही जवाईबापू. मी टाकते, जानारा-येनारा बी टाकते. पुन्य लागते."

नामदेवनं कपाळावर हात मारला. मी तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं तुम्ही हिरमुसाल. तुम्ही बांधावर बसलात आणि पोट धरून हसलात, इतके की सासूबाईंना शंका आली की ऊन लागलं. मग त्यांना म्हणालात, "आई, तुम्ही टाकत राहा. हे तुमचं. माझ्यासाठी मी दुसरं भांडं आणतो." पुढच्या उन्हाळ्यात पॅनच्याच मापाचं भांडं बनवून आणलंत, त्यावर जाळी ठोकलीत, आणि शेजारी चिमण्यांसाठी ते घंगाळ तसंच राहू दिलंत. गावातल्या प्रत्येकाला जाऊन सांगितलंत, पुण्य इकडे, हिशोब तिकडे. लोकांनी ऐकलं. एकदा एका वाटसरूनं जाळीतूनही पाणी ओतलं म्हणे, पण नामदेवनं पाहिलं आणि तो दिवस सोडून दिला.

आणि मोहखेडीचं भांडं भरपूर प्यायलं. त्याच उन्हाळ्यात, त्याच दिवसांत, तुमच्या कॉलेजातल्या पॅनपेक्षा कितीतरी जास्त. आता प्रश्न उलटा झाला. मोहखेडी एवढी का पिते हा प्रश्न नव्हताच, तसं तर आमच्या तक्त्यातही होतं. तुमचा पॅन एवढा कमी का पितो, हा होता.

उत्तर सापडलं तेव्हा तुम्ही संत्रं सोलत होतात. कॉलेजच्या शेताला पश्चिमेकडून लागून रेवतकरांची बाग. उन्हाळ्याचा वारा तिकडूनच येतो. रेवतकर कुंपणापाशी गप्पा मारायला आले होते, मी पण होतो. बोलता बोलता म्हणाले, मोटेवर बाग होती तेव्हा उन्हाळ्यात पाणी तोडून झाडांना ताण द्यायचो, पाऊस पडला की मृगाचा बहार धरायचो. मग विजेचा पंप बसवला, तेव्हापासून आंबिया बहार. ताण थंडीत, आणि मग उन्हाळाभर पाणी. तुमचा हात सालीवरच थांबला. "रेवतकरजी, पंप कधी बसवला?" त्यांनी सांगितलं. बागेचा अर्धा भाग आधी, उरलेला नंतर, मग शेजाऱ्यांनीही बसवले. तुम्ही उठून आत गेलात आणि आलेख घेऊन आलात. उन्हाळ्याचा उतार तिथूनच सुरू होत होता. आधी ती बाग उन्हाळ्यात कोरडी तापायची आणि वारा तुमच्या पॅनकडे तापून यायचा. आता तोच वारा ओल्या बागेतून, पानांतून अडखळत, गार होऊन येत होता. आभाळाचं काही बदललं की नाही ठाऊक नाही, शेजारी बदलला होता. रेवतकरांना वाटलं आपण काही गुन्हा केला. तुम्ही त्यांना मिठी मारलीत.

पण हिवाळ्याचा आणि पावसाळ्याचाही थोडा उतार होता. तेव्हा तर ती बाग असली काय नि नसली काय, सारखंच. तो कशानं? "थोडं उरते," तुम्ही म्हणायचात, दोन बोटांत चिमूट धरून. धुळीनं ऊन मंद होत असेल का, शहराची घरं वारा अडवत असतील का, हवेतच ओल वाढत असेल का. ती चिमूट तुम्ही खिशात घालून गेलात. मला वाटतं, तुम्हाला ती सुटावी असं मनातून वाटतच नव्हतं.

त्यानंतरचं भांडण मात्र पोह्यांवरचं नव्हतं. मी म्हणत होतो, बाग आली की हवा ओली होते, हे तुम्हीच सिद्ध केलंत. मग कालवा आला की मोहखेडीची हवाही तशीच होईल. उद्याचा आकडा कमीच असणार, तोच धरा. तुम्ही म्हणत होतात, बागेची सावली बागेच्या पलीकडच्याला मिळते. मोहखेडीच्या पश्चिमेला काय आहे? उघड्या टेकड्या. तापलेल्या वाऱ्याला पहिलं ओलं शेत भेटेल ते मोहखेडीचंच, आणि तो ते सगळ्यात आधी पिऊन टाकेल. "साहेब, मधल्या गावाले तुमचा आकडा लावा. काठावरच्या गावाले नाही लागत." दोघांचंही बरोबर होतं. म्हणूनच ते भांडण मिटत नव्हतं.

संक्रांतीला आपण सगळे मोहखेडीला होतो. गोळाभात झाला होता. नामदेवनं, साध्या माणसानं साधा प्रश्न विचारावा तसा, तुम्हाला विचारलं, "जवाईबापू, तुमच्या आकड्यानं आमचं गाव कालव्यावर राहते का जाते?" मी मधे पडणार होतो. हिशोब पुरा व्हायचा आहे, साहेब लोक ठरवतील, असं काहीतरी सरकारी बोललो असतो. तुम्ही मला वेळच दिला नाहीत. तुम्ही म्हणालात, "जाते." कुसुम वाढत होती. तिनं भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि ती आत गेली. सासूबाई म्हणाल्या, जेवा आधी. कोणी जेवलं नाही.

त्यानंतर तीन महिने तुमच्या घरात माहेरचा विषय निघाला नाही. कुसुम बाकी सगळं बोलायची. दूध, पोरांच्या परीक्षा, कूलरला पाणी. मोहखेडीचं नाव मात्र ती तुमच्यापुढे घेत नसे, माहेरी गेली तर एकटी जायची आणि आल्यावर काही सांगायची नाही. मी तुम्हाला म्हटलं, समजूत काढा. तुम्ही म्हणालात, "काय सांगू? आकडा तोच हाय." मग चैत्रात एका दुपारी तुम्ही गेलात, आणि समजूत घालण्याचा प्रश्नच मिटला.

आता ऐका. तुम्ही गेल्यावर मला झोप लागेना, म्हणून मी हिशोब काढून बसलो. आधी माझा आकडा धरून केला, कारण हट्ट. मग म्हटलं, एकदा मनोहररावांच्या आकड्यानंही शेवटपर्यंत करून बघू. कारण खरं सांगायचं तर तुमच्या आकड्यानं मी कधी शेवटपर्यंत गेलोच नव्हतो. मोहखेडी गळाली की पेन्सिल खाली ठेवायचो, आणि तुम्हीही मी सांगितलं ते मानलंत, कारण धरणाचा हिशोब माझा प्रांत होता. या वेळी महिनेवार मांडत गेलो. होळीपर्यंत तलाव ठीक. त्यानंतर जे पाणी आम्ही उन्हाळ्यासाठी राखून ठेवतो, वरच्या अंगाच्या बागांसाठी, त्यातला मोठा वाटा ऊनच घेऊन जात होतं. ते राखलेलं पाणी या आख्ख्या हिशोबात मी कधी हलवलं नव्हतं. कोणीच हलवत नाही. उन्हाळ्याला पाणी ठेवायचं असतं, असं आम्ही आईच्या पोटातून शिकून येतो. तुमच्या आकड्यानं पहिल्यांदा विचारलं, कोणासाठी ठेवता? म्हणून मी ते काढून टाकलं. जनावरांपुरतं आणि पिण्यापुरतं तळाशी ठेवलं, बाकी सगळं होळीच्या आत हरभऱ्याला, गव्हाला सोडलं. उन्हानं प्यायच्या आधी पिकाला.

कालवा मोहखेडीपर्यंत गेला.

मी तीनदा तपासलं. माझ्या कमी आकड्यानं मोहखेडी कागदावर आली असती, राखलेल्या पाण्याच्या भरवशावर, आणि शेतात फाल्गुनात कोरडा कालवा बघत बसली असती. तुमच्या मोठ्या आकड्यानं ती खरोखर येते. एकच पीक, उन्हाळी काही नाही, पण येते. मी आनंदानं उठलो आणि स्कूटरची किल्ली हातात घेतली, आणि मग कुठे जायचं ते आठवेना. एवढं एकटं मला स्मशानातही वाटलं नव्हतं. हे ऐकून तुम्ही आधी काय विचारलं असतं तेही मला ठाऊक आहे. वरच्या बागा गेल्या तर त्या गावांची हवा किती कोरडी होईल, आणि त्याचं काय? ते अजून मोजायचं आहे. बुधवारी बैठक आहे, बागवाले येणार, आरडाओरडा होणार. तुमचा आकडा मीच मांडणार आहे. तुमच्याविरुद्ध इतकी वर्षं बोलून तुमची बाजू मला पाठ झाली आहे.

काल संध्याकाळी मी कुसुमला सांगायला गेलो. शांता बरोबर होती. कुसुमनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच विचारलं, "म्हणजे त्यांच्या आकड्यानं गाव गेलं नाही?"

"नाही. त्याच आकड्यानं राहतं."

"त्यांले ठाऊक होतं?"

"नाही गं. मलाच परवा कळलं."

मग ती म्हणाली, "मले गावाचा राग नव्हता भाऊजी. आकडा हाय तर हाय. पण ते 'जाते' म्हणाले न, तवा त्यांचा आवाज जरासा बी हालला नाही. माह्या मायच्या घरात बसून. मले तेच लागलं. दुसऱ्या कोन्या गावाचं सांगून राहिले असं वाटलं."

मनोहरराव, एक गोष्ट कुसुमला सांगू नका, असं तुम्ही मला म्हणाला होतात. आकड्याला माफी मागायला लावू नका, असं म्हणाला होतात. तुमचा हा शब्द मी काल मोडला. मी तिला सांगितलं की त्या संक्रांतीच्या दिवशी परतताना, बायका मागे राहिल्या होत्या आणि आपण दोघंच स्कूटरवर होतो, तेव्हा कन्हानच्या पुलाशी तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला लावलीत. बराच वेळ नदीकडे तोंड करून उभे राहिलात. मी हाक मारली तेव्हा वळलात, तर तुमचा चेहरा ओला होता. म्हणालात, "कुसुम आता माझ्याशी तिकडचं बोलणार नाही. बरोबरच हाय तिचं. पण मी दुसरं काय सांगणार होतो, सांगा." आणि मग नाक पुसून, चला म्हणालात.

शांता रडायला लागली. कुसुम रडली नाही. ती खाली बघत बसली होती. मग तिनं विचारलं, "कोठी थांबले होते? पुलाच्या अलीकडं का पलीकडं?"

"अलीकडे," मी म्हटलं.

"उतरून उभे होते का बसूनच होते?"

"उतरले होते. कठड्यापाशी गेले होते."

"तोंडावर पाणी मारलं काय नंतर? का तसेच आले?"

एकामागून एक ती विचारत राहिली, आणि मला आठवत होतं तेवढं सगळं मी सांगत राहिलो.